रिद्धपूरच्या तपस्विनी आणि त्यांचा अभ्यास

अकोल्याहून मूर्तिजापूर व बडनेरामार्गे अमरावतीकडे जाणारा महामार्ग वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून जातो. त्याच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला असून, भूगर्भातील पाणीच खारट असल्यामुळे तेथील शेतकऱ्याला विहिरीचा फारसा आधार नसतो आणि कपाशी, तूर, हरभरा ही पिके पावसाच्या व जमिनीतील ओलीच्या भरवशावर घ्यावी लागतात. अमरावती मागे टाकून वलगावच्या दिशेने गेल्यावर हा देखावा हळूहळू पालटतो. वलगावजवळ पेढी नदी लागते, जिच्या परिसरात २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचे देहावसान झाले. पुढे चांदूर बाजार येतो, विहिरींना गोडे पाणी असलेला संत्र्यांच्या बागांचा मुलूख सुरू होतो आणि उत्तरेला सातपुड्याची रांग दिसू लागते. चांदूर बाजार आणि मोर्शी यांच्या दरम्यान, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर हे गाव आहे. वऱ्हाडात हिंडणारा प्रवासी सहसा अंबादेवीचे दर्शन घेतो, चिखलदऱ्याला जातो, परतताना शेगाव करतो आणि रिद्धपूर त्याच्या वाटेवर येतच नाही. मराठीतील पहिला गद्यग्रंथ मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ ज्या गावात रचला गेला आणि जिला मराठीतील आद्य कवयित्री म्हटले जाते त्या महदाइसेने ज्या गावात आपले ‘धवळे’ गायिले, ते गाव पर्यटनाच्या नकाशावर इतके फिके का राहिले, याचे उत्तर बहुधा महानुभाव पंथाच्या दीर्घकाळच्या अबोल वृत्तीत शोधावे लागेल.

रिद्धपूर, जुन्या ग्रंथांतील ऋद्धिपूर, हे महानुभावांचे अत्यंत पवित्र क्षेत्र होय. हा पंथ पाच अवतार मानतो: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चक्रपाणी, रिद्धपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधरस्वामी. या पाचांना ‘पंचकृष्ण’ म्हणतात, आणि त्यांच्याखेरीज अन्य देवतांची उपासना पंथाला मान्य नाही. त्यांपैकी गोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राऊळ म्हणत, यांचे जवळजवळ सारे आयुष्य या एका गावात गेले. त्यांची वागणूक लौकिक दृष्टीने वेड्यासारखी होती. ते मुलांत मूल होऊन खेळत, कुणाच्याही घरात शिरत, कुणाच्याही हातचे खात आणि गावाच्या विटाळ-चांडाळाच्या हिशेबाला त्यांच्या लेखी काही किंमत नव्हती. गावात त्यांच्या वावराशी जोडलेल्या जागा आजही दाखवल्या जातात: राजमठ, वाजेश्वरी आणि इतर अनेक. अशा जागेला ‘स्थान’ म्हणतात व तेथे बांधलेल्या चौथऱ्याला ‘ओटा’. अवताराच्या स्पर्शाने ती भूमी पावन झाली अशी श्रद्धा असल्याने भाविक मूर्तीपुढे हात जोडण्याऐवजी ओट्यावर कपाळ टेकवतो. कुठे कोण बसले, कुठे निजले, कुठे जेवले, दार कोणत्या दिशेला होते, अशा तपशिलांची नोंद ‘स्थानपोथी’ या प्राचीन ग्रंथात केलेली आहे. तेराव्या शतकातील वऱ्हाडच्या गावरचनेचा अभ्यास करणाऱ्यांना तिच्याइतके नेमके साधन क्वचितच सापडेल.

येथील आश्रमांतून स्त्रियांचे जे धर्मशिक्षण चालते त्याचे मूळ समजण्यासाठी पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या काळापर्यंत मागे जावे लागते. गुजरातेतील भडोचच्या राजघराण्याशी ज्यांचे नाते परंपरा सांगते ते चक्रधर रिद्धपुरास आले, गोविंदप्रभूंकडून त्यांना ज्ञानशक्ती लाभली आणि पुढे त्यांनी गोदावरीच्या परिसरात आपला शिष्यपरिवार जमवला. त्या परिवारात बाइसा, महदाइसा, आऊसा, उमाइसा, साधा, देमाइसा अशा स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ब्राह्मण घरातील बालविधवेला मुंडन, एकभुक्त आणि अंधारी खोली याखेरीज दुसरे भवितव्य नव्हते अशा काळात या स्त्रिया गुरूबरोबर गावोगाव हिंडत होत्या, त्यांना प्रश्न विचारत होत्या आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारत होत्या. महदाइसेची जिज्ञासा तर पंथात वाखाणली गेली. मासिक पाळीचा विटाळ चक्रधरांनी नाकारला, आणि तो नाकारताना दिलेले कारण शरीरशास्त्राच्या अंगाने जाणारे होते: देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ बाहेर पडतात तसाच हाही एक स्राव, त्याने धर्माचरणात उणेपण येत नाही. त्या शतकातील दुसऱ्या कोणत्याही मराठी आचार्याने हा प्रश्न इतक्या कोरडेपणाने निकालात काढल्याचे दिसत नाही.

इ.स. १२७४ च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य व म्हाइंभट, महदाइसा, नागदेवांची आई आबाइसा आदी मंडळी रिद्धपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. गुरूविना राहिलेला हा परिवार सुमारे एक तप या गावात होता, आणि पंथाच्या ग्रंथनिर्मितीचा पाया याच काळात घातला गेला. म्हाइंभटांनी चक्रधरांना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि इ.स. १२७८ च्या सुमारास वाजेश्वरीच्या स्थानी लीळाचरित्र सिद्ध केले, असे परंपरा मानते. आठवणी सांगणाऱ्यांत स्त्रिया होत्याच. लीळाचरित्रातील स्वयंपाक, शिळे अन्न, फाटलेले वस्त्र, रुसवेफुगवे यांचे जे बारकावे मराठी गद्याला आजही ताजे ठेवतात, त्यांतील बराच भाग बायकांच्या लक्षात राहिलेला असावा असे वाचताना सारखे वाटते. महदाइसेचे धवळेही येथलेच. धवळे म्हणजे लग्नप्रसंगी बायकांनी म्हणावयाची गीते. गोविंदप्रभूंना एकदा स्वतःच्या विवाहाची लहर आली, भक्तांनी तो खेळ मनावर घेतला आणि त्या खोट्या लग्नात महदाइसेने रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाची कथा गाऊन रचली.

या पार्श्वभूमीवर भाषेचा जो निर्णय झाला तो येथील सर्व शिक्षणाचा कणा ठरला. पंथातील केशोबास व दामोदरपंडित हे संस्कृतात पारंगत होते आणि केशोबासांचे संस्कृत स्तोत्र प्रसिद्धही आहे. परंतु शास्त्र संस्कृतात नेण्याचा विषय निघाला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण तसे झाल्यास पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील. ‘स्मृतिस्थळ’ या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथात हा प्रसंग आला आहे. धर्मशिक्षणाच्या इतिहासात त्याचे वेगळेपण लक्षात यावे म्हणून ज्यू समाजाचे उदाहरण उपयोगी पडेल. पूर्व युरोपातील ज्यू स्त्रियांसाठी सतराव्या शतकाच्या आरंभी ‘त्सेना उरेना’ हा तोरा या धर्मग्रंथावर आधारलेला ग्रंथ यिडिश या बोलभाषेत तयार झाला व पुढे घरोघरी वाचला गेला, पण पुरुषांच्या पाठशाळांतील अभ्यास हिब्रू व आरमाइक भाषांतच चालू राहिला. क्राकुव येथे सारा शेनिरर यांनी १९१७ मध्ये ‘बैस याकोव्ह’ ही मुलींची धार्मिक शाळा काढली तेव्हा स्त्रियांच्या रीतसर धर्मशिक्षणाला त्या परंपरेत मोठी चालना मिळाली, आणि आज अमेरिका-इंग्लंडमधील अनेक मुली शालेय शिक्षण संपवून वर्षभर जेरुसलेमच्या वसतिगृहयुक्त ‘सेमिनरी’त, म्हणजे धर्मविद्यालयात, राहून मूळ ग्रंथ, भाष्ये आणि आचारनियम शिकतात. महाराष्ट्रातील मराठीभाषक बेने इस्राएल ज्यूंनीही वल्हांडण सणाच्या विधीचे हग्गादा हे पुस्तक १८७४ मध्ये पुण्यात हिब्रूबरोबर मराठी भाषांतर देऊन छापले. या सर्व ठिकाणी लोकभाषा पवित्र भाषेच्या शेजारी, तिच्या मदतीला उभी आहे. रिद्धपूरच्या मंडळींनी मात्र स्त्रियांना कळणारी भाषा हीच शास्त्राची भाषा केली, आणि त्यामुळे पुढच्या पिढ्यांतील विद्वान पुरुषांनाही सूत्रे मराठीतच पाठ करावी लागली.

याचा एक दूरवरचा परिणाम पंजाबात दिसतो. पुढील शतकांत हा पंथ उत्तरेकडे पसरला, तेथे त्याला ‘जयकृष्णी’ हे नाव मिळाले, आणि पेशावर-काबूलपर्यंत त्याचे मठ झाले. चक्रधरांच्या आचारसूत्रांत कानडी व तेलुगू मुलखांत न जाता महाराष्ट्रात राहावे अशी आज्ञा असता पंथाने खैबर गाठावे हे थोडे गमतीचे वाटते. आज्ञेत पंजाबचे नाव नव्हते एवढेच त्यावर म्हणता येईल. तेथील घरांत पंजाबी वा पश्तो बोलली जात असली तरी शास्त्र मराठीच राहिले. त्यामुळे पंजाब, हरियाणा, दिल्ली वा जम्मूकडच्या कुटुंबातून दीक्षा घेऊ पाहणाऱ्या मुलीला जो अभ्यास करावा लागतो तो तेराव्या शतकातील मराठीचा असतो. अशी मुलगी वऱ्हाडात येते तेव्हा तिला एकाच वेळी दोन मराठी भाषांशी झुंजावे लागते: पोथीतील यादवकालीन मराठी, जिच्यात क्रियापदांची रूपे आजच्या मराठी मुलींनाही परकी वाटतात, आणि बाजारात कानी पडणारी वऱ्हाडी, जी पोथीशी कधी कधी पुणेरी मराठीपेक्षा जवळचे नाते सांगते.

पंथात दोन प्रकारचे अनुयायी असतात. संसारात राहून उपदेश घेतलेल्यांना ‘वासनिक’ म्हणतात. घर सोडून संन्यास घेणे म्हणजे ‘अनुसरणे’, आणि अनुसरलेल्या स्त्रीला आज सामान्यतः ‘तपस्विनी’ म्हटले जाते. आश्रमाचा प्रमुख तो महंत. आश्रमात स्त्रियांचा निवास पुरुषांपासून वेगळा असतो, परंतु प्रवचन, पूजा व आरतीला दोन्ही समुदाय एकत्र येतात. भेटल्यावर ‘दंडवत प्रणाम’ म्हणण्याचा प्रघात आहे. आहार कटाक्षाने शाकाहारी, मद्य पूर्ण वर्ज्य आणि अहिंसेचा नियम किडामुंगीपर्यंत लागू, त्यामुळे पाणी गाळणे, सरपण झटकून घेणे यांसारख्या कामांतही आचारधर्म येतो.

दिवसाची आखणी पहाटेच्या नामस्मरणापासून सुरू होते. त्यानंतर देवपूजा. पूजेत मूर्तीबरोबरच ‘विशेष’ असतात, म्हणजे अवताराचा संबंध ज्यांच्याशी आला असे मानले जाते ते पाषाण, वस्त्रखंड यांसारखे पदार्थ; त्यांना वंदन करण्याचा क्रम ठरलेला असतो आणि नव्याने आलेल्या मुलीला तो आधी शिकावा लागतो. चक्रधरांची दिनचर्या कशी होती, ते केव्हा उठत, केव्हा फिरावयास जात, केव्हा भोजन घेत, याचे वर्णन बाइदेवबासांच्या ‘पूजावसर’ या छोट्या ग्रंथात केलेले असून भक्ताच्या दिवसाला त्या दिनचर्येची सावली पडलेली असते. जुन्या आचारात आणखी तीन गोष्टींना महत्त्व होते: भिक्षा मागून आणलेले अन्न खाणे, ‘विजन’ म्हणजे निर्जन स्थळी एकट्याने बसून स्मरण करणे, आणि ‘अटन’ म्हणजे एका जागी न गुंतता हिंडत राहणे. पक्क्या इमारती, वसतिगृहासारख्या खोल्या व दानातून चालणारी स्वयंपाकघरे यांच्या आजच्या आश्रमजीवनात ही तिन्ही व्रते पातळ झाली आहेत. ज्या पंथाने झाडाखाली राहण्याचा उपदेश ऐकला त्याने मठ बांधावेत ही विसंगती पंथातील जुन्या ग्रंथकारांनाही जाणवली होती.

अभ्यासाचा गाभा पाठांतर हा आहे. प्रथम ‘सूत्रपाठ’ मुखोद्गत करावयाचा असतो. लीळाचरित्रात विखुरलेली चक्रधरांची वचने केशोबासांनी वेचून विषयवार लावली, तो हा ग्रंथ; त्यातील ‘विचार’ प्रकरणात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार नित्य पदार्थांचे तत्त्वज्ञान येते तर ‘आचार’ प्रकरणात संन्याशाने कसे राहावे याचे नियम. सूत्रे इतकी आखूड आहेत की प्रसंग ठाऊक नसल्यास त्यांचा अर्थ लागत नाही, म्हणून सूत्रापाठोपाठ ते कोणत्या लीळेत, म्हणजे चरित्रातील प्रसंगात, कुणाला उद्देशून उच्चारले गेले हे शिकवले जाते. त्यानंतर ‘दृष्टांतपाठ’: ११४ दृष्टांतांचा हा संग्रह, ज्यात आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीसारख्या कथा सांगून तत्त्व उलगडले आहे. पुढच्या टप्प्यावर गीता, भागवताचा एकादश स्कंध आणि ‘सातीग्रंथ’ म्हणून ओळखली जाणारी सात काव्ये येतात. या शिक्षणाला ठरावीक वर्षांची मुदत नसते. गुरूसमोर बसून न अडखळता म्हणता येणे हीच त्याची कसोटी. गटाने, एका लयीत, चुकलेल्या शब्दाशी थांबून पुन्हा मागे जात पाठ म्हणण्याची ही पद्धत बाहेरच्या शिक्षणतज्ज्ञाला जुनाट वाटण्याचा संभव आहे. तरीही पंथाच्या इतिहासाने तिच्या बाजूने जो पुरावा ठेवला आहे तो दुर्लक्षिता येणार नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या यवनी स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, आणि ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला तो ज्यांना तो पाठ होता त्यांच्या आठवणीवरून. अशांपैकी हिराइसा या स्त्रीची स्मरणशक्ती इतकी भरवशाची मानली गेली की लीळाचरित्राच्या एका पाठपरंपरेला ‘हिराइसापाठ’ असेच नाव पडले. मराठीतील या आद्य गद्यग्रंथाच्या अस्तित्वात एका अभ्यासू स्त्रीच्या जिभेचा वाटा आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ओझरती येते. ती सविस्तर यावयास हवी होती.

पाठांतराच्या जोडीला लिपीचा अभ्यास असे. महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपीत देवनागरीतील एका अक्षराऐवजी ठरलेले दुसरे अक्षर अथवा चिन्ह वापरले जाते, आणि तिचा उगम रवळो व्यासांकडे सांगितला जातो. या आवरणामुळे पोथ्या शुद्ध राहिल्या, पण शेकडो वर्षे उर्वरित महाराष्ट्राला त्यांचा पत्ताच लागला नाही आणि पंथाविषयी भलभलते प्रवाद रूढ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांतून लिपीची किल्ली बाहेर आली. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे पुढे विदर्भ महाविद्यालय झालेल्या संस्थेत, मराठी शिकवणारे वि. भि. कोलते यांनी पुढील काम केले. कोलते मूळचे बुलढाणा जिल्ह्यातील. त्यांनी संपादलेले लीळाचरित्र राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केले. पंथीयांच्या आक्षेपांमुळे ते मागे घेण्यात आले. परदेशातून येऊन या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांत अमेरिकेच्या अॅन फेल्डहाउस यांचे नाव अग्रगण्य असून त्यांनी सूत्रपाठाचा इंग्रजी अनुवाद १९८३ मध्ये आणि गोविंदप्रभूंच्या चरित्राचा अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. पंजाबी मुलीला श्रद्धेपोटी जी जुनी मराठी शिकावी लागते तीच या विदुषीने संशोधनासाठी आत्मसात केली.

अकोला जिल्हा या परंपरेच्या कडेला पडतो, तरी तिच्या बाहेर नाही. पातूर तालुक्यातील आलेगाव येथे चक्रधरांच्या भ्रमणाशी जोडलेले स्थान आहे, आणि सातीग्रंथांपैकी ‘ज्ञानप्रबोध’ या वैराग्यपर काव्याचे कर्ते विश्वनाथ हे बाळापूरकर म्हणून ओळखले जातात. बाळापुरास जाणारा प्रवासी तेथील किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री पाहतो. विश्वनाथांची ओळख त्याला रिद्धपूरसारख्या ठिकाणच्या पाठांत होते.

येथील स्त्रीशिक्षणाचे चित्र सर्वस्वी उजळ आहे असे मात्र म्हणता येत नाही. ज्ञानाचा अधिकार समान असला तरी महंतपदाच्या गाद्या बहुतांशी पुरुषांकडेच राहिल्या, आणि अटनासारख्या व्रतांत स्त्रियांच्या हिंडण्यावर सुरक्षिततेच्या कारणाने मर्यादा पडल्या. तत्त्वात मिळालेले स्थान संस्थेच्या रचनेत मुरायला सात शतकेही पुरली नाहीत.

अलीकडे रिद्धपुरात दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाचीही भर पडली आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन करण्याची घोषणा केली, त्यासाठी कायदा झाला आणि महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. आता एकाच गावात, थोड्या अंतरावर, परीक्षा, श्रेयांक व पदवी देणारी संस्था आणि गुरूसमोर म्हणून दाखवण्यापलीकडे दुसरी परीक्षा नसलेले आश्रम नांदत आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयात लीळाचरित्राच्या निरनिराळ्या आवृत्त्या यथावकाश येतीलच. पण कोणत्या सूत्रावर कुठे थांबायचे, कोणता शब्द ओढून म्हणायचा आणि कोणत्या लीळेशी तो जोडायचा हे पुस्तकात छापलेले नसते. ते आश्रमातील वयस्क तपस्विनींना ठाऊक आहे. त्यांचे पाठ ध्वनिमुद्रित करणे आणि त्यांना निव्वळ माहिती पुरवणाऱ्या म्हणून न बोलावता वर्गावर शिकवायला बोलावणे, ही या विद्यापीठाने इमारतींच्या आधी हाती घ्यावयाची कामे आहेत.